विद्युत वाहनांचे समन्वित चार्जिंग

विद्युत वाहनांचे समन्वित चार्जिंग म्हणजे विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्या केव्हा आणि किती वेगाने भारित करायच्या, हे वीज ग्रिडची त्या त्या वेळची स्थिती लक्षात घेऊन ठरवण्याची पद्धत होय. व्यवहारात ती 'स्मार्ट चार्जिंग' या नावाने ओळखली जाते. वाहन चार्जरला जोडताक्षणी पूर्ण वेगाने चार्ज होऊ लागणे याला याउलट 'असमन्वित चार्जिंग' म्हणतात.

खासगी वाहने दिवसाचा बहुतांश काळ उभी असतात आणि त्यांना रोज लागणारी वीज काही थोड्या तासांत भरता येते. त्यामुळे चार्जिंगची वेळ पुढेमागे करण्यास मोठा वाव असतो. दिवा, पंखा किंवा उद्वाहन यांची वीज वापराच्या क्षणीच लागते. वाहनाची बॅटरी मात्र आधी भरून ठेवता येते. समन्वित चार्जिंगची संपूर्ण कल्पना या एका फरकावर उभी आहे. चार्जिंगची वेळ योग्य निवडल्यास वाहनांची मागणी ग्रिडवर भार न ठरता त्याचा समतोल राखण्यास साहाय्यभूत होते. मात्र वेळ बदलण्याची ही सोय सर्व वाहनधारकांना सारख्या प्रमाणात उपलब्ध नसते, आणि या विषयातील धोरणविषयक वादांचे मूळही तेथेच आहे.

पार्श्वभूमी

वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे खर्चिक असल्याने ग्रिडमध्ये प्रत्येक क्षणी निर्मिती आणि मागणी यांचा मेळ घालावा लागतो. हा मेळ वारंवारतेवरून समजतो. भारतात ग्रिडची नियत वारंवारता ५० हर्ट्झ असून ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखणे अपेक्षित असते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की वारंवारता घसरते आणि निर्मिती जास्त झाली की ती चढते. हा समतोल सांभाळण्याचे काम राष्ट्रीय, प्रादेशिक आणि राज्य भार प्रेषण केंद्रे करतात. पश्चिम विभागाचे केंद्र मुंबईत, तर महाराष्ट्राचे राज्य केंद्र ऐरोली येथे आहे.

समतोलाबरोबरच वाहिन्यांवरील भारही मर्यादेत ठेवावा लागतो. ३० जुलै २०१२ रोजी बिना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभारामुळे बंद पडल्यानंतर उत्तर भारताचा ग्रिड कोसळला. दुसऱ्या दिवशी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य विभागही अंधारात गेले आणि ६० कोटींहून अधिक लोकांना त्याची झळ बसली. पश्चिम विभाग त्या वेळी वेगळा पडून सुरक्षित राहिला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण विभाग उर्वरित भारताशी जोडला गेला आणि देशाचा एकच समकालिक ग्रिड अस्तित्वात आला.

मागणीच्या उच्चांकाच्या काळात लवकर सुरू करता येणारी आणि लवकर थांबवता येणारी वीजकेंद्रे उपयोगी पडतात. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने कोयना जलविद्युत प्रकल्प करतो. त्याची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे; परंतु वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट, म्हणजेच ६७.५ टीएमसी, इतकी मर्यादा घातलेली आहे. उच्चांकाच्या वेळची वीज अशी मोजूनमापून वापरावी लागत असल्याने मागणीच दुसऱ्या वेळेकडे वळवण्याच्या उपायांना महत्त्व येते. शेतीपंपांना रात्रीऐवजी दिवसा सौरऊर्जेवर वीज देणारी महाराष्ट्रातील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हे मागणीची वेळ बदलण्याचेच एक उदाहरण आहे.

सौरऊर्जेचा वाटा वाढल्यावर या प्रश्नाचे स्वरूप बदलले. दुपारी मुबलक आणि स्वस्त वीज उपलब्ध होते; सूर्यास्ताबरोबर ती थांबते आणि नेमक्या त्याच सुमारास घराघरांतील मागणी वाढू लागते. सौरऊर्जा वजा केल्यानंतर उरणाऱ्या मागणीचा दैनंदिन आलेख दुपारी खोल जातो आणि संध्याकाळी एकदम उंचावतो. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड संचालकाने २०१३ मध्ये मांडलेल्या अशा आलेखाचा आकार बदकासारखा दिसत असल्याने तो 'डक कर्व्ह' म्हणून प्रसिद्ध झाला.

असमन्वित चार्जिंगचे परिणाम

कामावरून घरी आल्यावर लगेच वाहन चार्जिंगला लावणे ही स्वाभाविक सवय आहे. तथापि ही वेळ दिवे, दूरदर्शन संच, स्वयंपाकघरातील उपकरणे आणि उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रे यांच्या वापराचीही असते. परिणामी वाहनांची मागणी आधीच असलेल्या उच्चांकावर चढते.

एका गृहनिर्माण संस्थेच्या काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. संस्थेत ४० विद्युत मोटारी आहेत आणि प्रत्येक मोटार रोज सुमारे ५० किलोमीटर धावते, असे मानू. त्यासाठी प्रत्येकीला सुमारे ८ युनिट वीज लागेल, म्हणजे एकूण ३२० युनिट. घरगुती २३० व्होल्टच्या जोडणीवर ३२ अँपिअरचा चार्जर सुमारे ७.४ किलोवॅट भार घेतो. सर्व मोटारी एकाच वेळी जोडल्या गेल्या तर हा भार २९६ किलोवॅट होईल आणि तो जेमतेम तासाभरात संपेल. हेच ३२० युनिट रात्री ११ ते सकाळी ७ या आठ तासांत समप्रमाणात वाटून दिल्यास सरासरी भार केवळ ४० किलोवॅट राहील. दोन्ही प्रकारांत वीज तितकीच लागते आणि सकाळी सर्व मोटारी तयार असतात. तरीही पहिल्या प्रकारात २०० केव्हीएचे रोहित्र अपुरे पडेल, तर दुसऱ्या प्रकारात ते पुरण्याची शक्यता मोठी आहे.

प्रत्यक्षात सर्व वाहने एकाच क्षणी जोडली जात नाहीत. काहींना रोज चार्जिंगची गरज नसते आणि परतण्याच्या वेळाही वेगवेगळ्या असतात. याला भाराची विविधता म्हणतात व वितरण व्यवस्थेची आखणी करताना ती हिशेबात घेतली जाते. मात्र एका रोहित्रावरील वाहनांची संख्या वाढत गेली की या विविधतेवर विसंबून राहता येत नाही.

असमन्वित चार्जिंगचा ताण सर्वांत आधी स्थानिक पातळीवर जाणवतो. राज्यात पुरेशी वीज उपलब्ध असूनही एखाद्या वस्तीतील रोहित्र, ज्याला बोलीत 'डीपी' म्हणतात, किंवा त्यापुढील भूमिगत केबल अतिभारित होऊ शकते. रोहित्र सतत अतिभारावर चालल्यास त्यातील तेल व वेटोळ्यांचे निरोधन तापते आणि त्याचे आयुष्य घटते. वाहिनीच्या टोकाकडील ग्राहकांना कमी दाबाने वीज मिळते. वितरण कंपनीला रोहित्रे व केबल बदलाव्या लागल्यास तो खर्च अखेरीस वीजदरांतून सर्व ग्राहकांवर पडतो, मग त्यांच्याकडे वाहन असो वा नसो.

इतिहास

उभ्या असलेल्या विद्युत वाहनांचा ग्रिडसाठी उपयोग करण्याच्या कल्पनेची सविस्तर मांडणी अमेरिकेतील विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंड्रे यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आढळते. वाहनांच्या बॅटऱ्यांतील वीज गरजेच्या वेळी ग्रिडला परत देता येईल आणि त्यासाठी वाहनधारकाला मोबदला मिळू शकेल, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुढे डेलावेअर विद्यापीठात केम्प्टन यांच्या मार्गदर्शनाखाली या कल्पनेवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. २०१३ मध्ये तेथील काही वाहनांनी अमेरिकेच्या पूर्व भागातील पीजेएम या ग्रिड संचालकाच्या बाजारात वारंवारता नियमनाची सेवा पुरवून उत्पन्न मिळवले.

जपानमध्ये या विषयाला वेगळ्या कारणाने चालना मिळाली. ११ मार्च २०११ रोजीच्या भूकंप व त्सुनामीनंतर तेथे विजेची तीव्र टंचाई निर्माण झाली. त्यानंतर, २०१२ मध्ये, निसान कंपनीने 'लीफ' या मोटारीच्या बॅटरीतून घराला वीज पुरवणारी यंत्रणा बाजारात आणली. आपत्तीच्या काळात वाहन हे घराचे वीजकेंद्र होऊ शकते, हा विचार तेथे रुजला.

युरोपमध्ये नेदरलँड्समधील वीज वितरण कंपन्यांनी स्थापन केलेल्या संस्थेने सार्वजनिक चार्जिंग जाळ्याच्या उभारणीबरोबरच वेगवेगळ्या उत्पादकांचे चार्जर एकाच प्रणालीतून चालवता यावेत यासाठी खुल्या संदेशवहन नियमावलीचा पुरस्कार केला. आज जगभर वापरली जाणारी ओसीपीपी ही नियमावली त्यातूनच विकसित झाली.

समन्वयाच्या पद्धती

वेळेनुसार वीजदर

ही सर्वांत सोपी पद्धत होय. दिवसाच्या निरनिराळ्या वेळी विजेचा दर वेगळा ठेवला जातो आणि स्वस्त वेळेत चार्जिंग करायचे की नाही हे ग्राहक स्वतः ठरवतो. त्यासाठी वेळेची नोंद ठेवणारा, टीओडी म्हणून ओळखला जाणारा मीटर आवश्यक असतो. वाहनातील किंवा चार्जरमधील वेळयोजक एकदा लावून ठेवला की पुढील काम आपोआप होते.

या पद्धतीत एक दोष संभवतो. स्वस्त दराची वेळ सुरू होताच सर्व वाहने एकदम चार्जिंग सुरू करतात आणि मूळ उच्चांक टळून त्या क्षणी नवा उच्चांक तयार होतो. तो टाळण्यासाठी प्रत्येक चार्जरच्या प्रारंभाला काही मिनिटांचा अनियमित विलंब दिला जातो किंवा निरनिराळ्या भागांसाठी वेळा वेगळ्या ठेवल्या जातात.

स्थानिक भार व्यवस्थापन

एकाच वाहनतळावरील किंवा इमारतीतील चार्जर एका नियंत्रकाला जोडले जातात. इमारतीचा मंजूर भार आणि त्या क्षणी चालू असलेला इतर वापर यांतील फरक मोजून उरलेली वीज नियंत्रक वाहनांमध्ये वाटून देतो. उद्वाहने आणि पाण्याचे पंप चालू झाले की चार्जिंगचा वेग कमी केला जातो. ते थांबले की पुन्हा वाढवला जातो. मंजूर भार न वाढवता अधिक चार्जर बसवणे त्यामुळे शक्य होते. कोणाला आधी वीज द्यायची याचे नियम संस्थेला ठरवावे लागतात: सर्वांना समान वाटप, आधी येणाऱ्याला आधी, किंवा ज्याला लवकर निघायचे आहे त्याला आधी.

संकलकामार्फत नियंत्रण

एकटे वाहन ग्रिडच्या दृष्टीने नगण्य असते. मात्र हजारो वाहनांचे चार्जिंग एका संस्थेने एकत्रितपणे नियंत्रित केल्यास त्यांचा प्रभाव एखाद्या लहान वीजकेंद्राएवढा होतो. अशा संस्थेला संकलक म्हणतात. वाहनधारक आपल्याला किती वाजता आणि किती चार्ज हवा हे कळवतो; त्या मर्यादेत राहून संकलक चार्जिंगची वेळ आणि वेग ठरवतो. वारंवारता घसरू लागल्यास काही मिनिटे चार्जिंग थांबवणे आणि पवन वा सौरऊर्जा अतिरिक्त झाल्यास ते वाढवणे, अशी सेवा संकलक ग्रिड संचालकाला देऊ शकतो.

वाहनातून ग्रिडकडे

वरील तिन्ही पद्धतींत वीज एकाच दिशेने, म्हणजे ग्रिडकडून वाहनाकडे जाते. चौथ्या पद्धतीत बॅटरीतील वीज उलट दिशेने ग्रिडला दिली जाते. तिला 'व्हेइकल टू ग्रिड' किंवा व्हीटूजी असे म्हणतात. हीच वीज केवळ घरापुरती वापरल्यास त्याला 'व्हेइकल टू होम' ही संज्ञा आहे. यासाठी दोन्ही दिशांनी वीज वाहून नेणारा चार्जर, तशी परवानगी देणारे वाहन आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर या तिन्ही गोष्टी लागतात. ग्रिड बंद पडल्यावर वाहनाची वीज वाहिनीत शिरून दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्यांना धोका होऊ नये, यासाठी वाहनाला ग्रिडपासून तात्काळ वेगळे करणारी सुरक्षा व्यवस्था अनिवार्य असते.

बॅटरी अदलाबदल

दुचाकी आणि तीनचाकी वाहनांसाठी रिकामी बॅटरी देऊन भरलेली बॅटरी घेण्याची केंद्रे चालवली जातात. तेथे चालकाला थांबावे लागत नाही आणि केंद्रातील बॅटऱ्या सोयीच्या वेळी भारित करता येतात. ज्यांचे वाहन दिवसभर रस्त्यावर असते त्यांच्या बाबतीत चार्जिंगची वेळ वाहनाच्या वापरापासून वेगळी करण्याचा हा प्रमुख मार्ग आहे.

तांत्रिक मानके

समन्वयासाठी वाहन, चार्जर, चार्जिंग जाळ्याचा संचालक आणि वितरण कंपनी यांच्यात माहितीची देवाणघेवाण व्हावी लागते. चार्जर व संचालकाची मध्यवर्ती प्रणाली यांच्यातील संवादासाठी ओसीपीपी, तर वाहन व चार्जर यांच्यातील संवादासाठी आयएसओ १५११८ ही मानकमालिका वापरली जाते. या मालिकेतील २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विसाव्या भागात दुतर्फा वीजप्रवाहाची तरतूद आहे. जपानमध्ये विकसित झालेल्या चाडेमो या चार्जिंग पद्धतीत ही सोय त्यापूर्वीपासून उपलब्ध होती. भारतात चार्जिंग उपकरणांसाठी भारतीय मानक ब्यूरोची आयएस १७०१७ ही मानकमालिका आहे.

भारतातील स्थिती

भारतात विकल्या जाणाऱ्या विद्युत वाहनांत दुचाकी व तीनचाकी वाहनांचा वाटा मोठा आहे. दुचाकीची बॅटरी साधारणतः २ ते ४ युनिट क्षमतेची असते आणि ती घरातील नेहमीच्या सॉकेटवर भारित करता येते. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत मोटारींसाठी आखलेल्या योजना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. घरगुती सॉकेटवर होणारे चार्जिंग वितरण कंपनीला वेगळे ओळखूही येत नाही. ते इतर घरगुती वापरातच मिसळून जाते.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी विद्युत वाहनांचे चार्जिंग ही सेवा असून ती वीजविक्री नव्हे, असे स्पष्टीकरण दिले. त्यामुळे चार्जिंग केंद्र चालवण्यासाठी वीज कायद्याखालील परवान्याची आवश्यकता उरली नाही. २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती होऊन नव्या इमारतींच्या वाहनतळांत २० टक्के क्षमतेपर्यंत चार्जिंगची सोय ठेवण्याची तरतूद सुचवण्यात आली.

चार्जिंगच्या वेळेसंबंधीची महत्त्वाची तरतूद वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीने आली. या दुरुस्तीनुसार सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा; उच्चांकाच्या तासांतील दर व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी सामान्य दराच्या किमान १.२० पट आणि इतरांसाठी किमान १.१० पट असावा. १० किलोवॅटपेक्षा अधिक मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४, तर शेती वगळता इतर ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत ठरवण्यात आली. सप्टेंबर २०२४ मधील चार्जिंग सुविधाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत सार्वजनिक चार्जिंग केंद्रांना सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि उर्वरित काळात १.३ पट दराने वीज देण्याची तरतूद आहे. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या २०२२ च्या साहाय्यक सेवा विनियमांनी ऊर्जा साठवण आणि मागणी नियंत्रण यांनाही ग्रिडच्या राखीव सेवांत भाग घेण्याचा मार्ग खुला केला.

महाराष्ट्रात नियामक आयोगाने २०१८ मध्येच चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र वीजदर वर्गवारी केली, तर राज्य शासनाने जुलै २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. महावितरणच्या जुन्या टीओडी दररचनेत उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सवलत मिळत असे. सौरऊर्जा वाढल्यानंतर सवलतीची वेळ रात्रीकडून दिवसाकडे सरकली. २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत लागू करण्यात आली. रात्रीची वीज स्वस्त आणि दिवसाची महाग ही अनेक वर्षांची समजूत त्यामुळे बदलली.

समन्वित चार्जिंगसाठी सार्वजनिक बससेवा विशेष अनुकूल मानल्या जातात, कारण त्यांची वेळापत्रके निश्चित असतात आणि अनेक बस एकाच आगारात थांबतात. पुणे महानगर परिवहन महामंडळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये विद्युत बस सेवेत आणल्या. राज्य परिवहन महामंडळाची 'शिवाई' ही विद्युत बस १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर धावू लागली. अशा आगारात सर्व बस एकदम जोडण्याऐवजी निघण्याच्या क्रमानुसार भारित केल्यास आगाराचा कमाल भार कमी ठेवता येतो.

इतर देशांतील स्थिती

ग्रेट ब्रिटनमध्ये घरी व कामाच्या ठिकाणी बसवल्या जाणाऱ्या नव्या खासगी चार्जरसाठी ३० जून २०२२ पासून विशेष नियम लागू आहेत. चार्जरमध्ये वेळेचे नियंत्रण असावे, मूळ मांडणीत आठवड्याच्या कामकाजाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री १० या वेळा वगळलेल्या असाव्यात आणि प्रारंभाला १० मिनिटांपर्यंतचा अनियमित विलंब असावा, अशी त्यांत तरतूद आहे. मात्र ग्राहकाला ही मांडणी बदलण्याची मुभा आहे.

नॉर्वेमध्ये २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे नऊ दशांश विद्युत होत्या. तेथे १ जुलै २०२२ पासून वितरण शुल्काचा काही भाग महिन्यातील सर्वाधिक वापराच्या तासांवर आकारला जातो. त्यामुळे अनेक उपकरणे एकाच वेळी न चालवता वापर पसरवून करण्याला आर्थिक कारण मिळाले. नेदरलँड्समध्ये युट्रेख्ट शहरात सौरऊर्जा आणि सामायिक वापराच्या मोटारी यांची सांगड घालून दुतर्फा चार्जिंगचे प्रयोग झाले आहेत.

मर्यादा आणि आक्षेप

बॅटरीचे आयुष्य: प्रत्येक चार्ज व डिस्चार्जच्या चक्राबरोबर बॅटरीची क्षमता थोडी घटते. वीज ग्रिडला परत देताना अधिक चक्रे होत असल्याने वाहनधारकाला मिळणारा मोबदला या झिजेची भरपाई करतो काय, हा प्रश्न उपस्थित होतो. केवळ वेळ बदलण्याच्या पद्धतीत मात्र अतिरिक्त चक्रे होत नाहीत. उलट बॅटरी दीर्घकाळ पूर्ण भरलेल्या स्थितीत राहत नसल्याने काही वेळा लाभच होतो.

ऊर्जेची हानी: बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात आणि त्याउलट रूपांतर करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यामुळे साठवून परत दिलेली वीज भरलेल्या विजेपेक्षा नेहमीच कमी असते.

रात्र की दिवस: मध्यरात्रीनंतर चार्जिंग केल्याने संध्याकाळचा उच्चांक टळतो, परंतु त्या वेळी भारतात वीज प्रामुख्याने कोळशापासून तयार होते. दुपारी चार्जिंग केल्यास सौरऊर्जा वापरली जाते, परंतु त्या वेळी मोटार घरी नसून कामाच्या ठिकाणी असते. त्यामुळे दिवसाच्या सवलतीचा उपयोग होण्यासाठी कार्यालये, कारखाने, महाविद्यालये आणि रेल्वे स्थानकांचे वाहनतळ येथे चार्जर असणे आवश्यक ठरते.

सुरक्षा आणि खासगीपणा: वाहन केव्हा घरी असते आणि केव्हा नसते ही माहिती संकलकाकडे जमा होते. तसेच मोठ्या संख्येने चार्जर एकाच प्रणालीला जोडलेले असल्यास त्या प्रणालीत अनधिकृत शिरकाव करून सर्व चार्जर एकदम चालू वा बंद करण्याचा धोका राहतो. ब्रिटनच्या नियमांत म्हणूनच चार्जरच्या सायबर सुरक्षेची स्वतंत्र तरतूद आहे.

समन्याय: वेळेनुसार दराचा लाभ घेण्यासाठी स्वतःची वाहनतळाची जागा, स्वतःचा मीटर आणि थांबण्यास पुरेसा वेळ असावा लागतो. ज्यांना हे तिन्ही उपलब्ध आहेत त्यांना स्वस्त वीज मिळते. चाळीत, झोपडपट्टीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना सार्वजनिक केंद्रावर अवलंबून राहावे लागते. रिक्षाचालक आणि घरपोच वस्तू पोहोचवणारे कामगार यांचे उत्पन्न वाहन दिवसा रस्त्यावर असण्यावर अवलंबून असल्याने सौर तासांत वाहन उभे करून ठेवणे त्यांना परवडत नाही. वीजपुरवठ्याचा सरासरी खर्च प्रतियुनिट ८ रुपये मानल्यास ०.७ पट आणि १.३ पट या दरांत ४ रुपये ८० पैशांचा फरक पडतो. ८ युनिटची बॅटरी असलेल्या तीनचाकीला एका पूर्ण चार्जमागे तो सुमारे ३८ रुपये होतो. चार्जिंग केंद्राने हा फरक जसाच्या तसा आकारल्यास ज्याची वेळ बदलण्याची क्षमता सर्वांत कमी, त्यालाच अधिक दर मोजावा लागतो. दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत वापरता येतील अशी रिक्षाथांब्यांजवळील जलद चार्जिंग केंद्रे आणि बॅटरी अदलाबदल केंद्रे हे यावरील उपाय म्हणून सुचवले जातात.

वाहनधारकाची संमती: चार्जिंगचे नियंत्रण दुसऱ्याच्या हाती देताना अचानक उद्भवणाऱ्या गरजेची, उदाहरणार्थ रात्री रुग्णालयात जाण्याची, चिंता वाहनधारकाला वाटते. त्यामुळे बहुतेक योजनांत बॅटरी एका किमान पातळीपर्यंत तात्काळ भरली जाते आणि समन्वय त्यापुढील चार्जिंगलाच लागू होतो. वाहनधारकाला कोणत्याही क्षणी नियंत्रण स्वतःकडे घेण्याची सोयही त्यांत ठेवलेली असते.